सातव्या दाराची खूण

१४ नोव्हेंबर, गुरुवार. पहाटे दाट धुके होते. नऊनंतर कोवळे ऊन पडले. वारा अजिबात नव्हता.

त्या सकाळी एक शिष्या आपल्या गुरूंना भेटायला बंधाऱ्यावर गेली. तिचे नाव चारुशीला, वय चौतीस; मोबाईलची अ‍ॅप तयार करणे हा तिचा व्यवसाय. गुरू म्हणजे हिलाल आप्पा. एकेचाळीस वर्षे ते त्या बंधाऱ्याचे पाटकरी होते. पाटाला बारा दारे. ज्याची पाळी असेल त्याच्या शेताचे दार उघडायचे, वेळ भरली की मिटायचे, हे पाटकऱ्याचे काम. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तरी आप्पा रोज सकाळी बंधाऱ्याच्या भिंतीवर येऊन बसत. विचारले तर म्हणत, "घरी बसलो की काकू भाजी निवडायला लावते."

अ‍ॅप करणारी बाई पाटकऱ्याची शिष्या कशी झाली, तेही सांगायला हवे. गावच्या पाणीवापर संस्थेने बाराही दारांना मोटारी बसवल्या आणि त्या मोबाईलवरून चालतील असे अ‍ॅप चारुशीलाकडून करून घ्यायचे ठरवले. तिला मोबाईल कळत होता, पाणी कळत नव्हते. म्हणून दोन वर्षे ती आठवड्यातून दोनदा आप्पांकडे येत होती. कुठल्या जमिनीत पाणी किती वेळात मुरते, वरचे दार उघडे असताना खालचे का उघडू नये, हे सगळे तिने आप्पांच्या शेजारी बसून शिकून घेतले होते.

पण त्या गुरुवारी ती शिकायला आली नव्हती. ती खचून आली होती.

आदल्या शनिवारी घोटाळा झाला होता. गावातले बहुतेक शेतकरी आपली पाण्याची पाळी मोबाईलमधल्या एका पंचांगाच्या अ‍ॅपमध्ये नोंदवून ठेवत. तेव्हा चारुशीलाने अशी सोय केली की तिच्या पाण्याच्या अ‍ॅपने एक चिठ्ठी आगाऊच लिहून ठेवावी: 'वेळ झाली की माझ्या नावाने दार उघड.' पंचांगाने ती वेळेवर वापरावी, म्हणजे शेतकऱ्याला काही करायला नको. पाळ्या सारख्या बदलतात, म्हणून कुठले दार आणि किती वेळ, या दोन जागा तिने चिठ्ठीत रिकाम्या ठेवल्या. ऐनवेळी पंचांग त्या भरील, असा तिचा हिशेब. चिठ्ठी कुणासाठी आहे, तेही तिने लिहिले नव्हते. आठवण करून देणारे कुठलेही अ‍ॅप ती उचलू शकत होते.

एका शेतकऱ्याच्या मोबाईलवर गोठ्यातल्या जनावरांना खुराक देण्याची आठवण करणारे अ‍ॅप होते. शनिवारी सकाळी त्या अ‍ॅपने ती चिठ्ठी उचलली. दाराच्या आकड्याची जागा रिकामी दिसली, तिथे त्याने आपल्याकडचा आकडा भरला: नऊ. ती त्या गोठ्यातली नवव्या क्रमांकाची म्हैस होती. इकडे पाटाचे नववे दार उघडले. त्या दाराखाली इंदूबाईंच्या शेतात उपटलेला भुईमूग वाळत पडला होता. बावीस मिनिटांनी कुणीतरी धावत जाऊन दार मिटले, तोवर तिसरा हिस्सा शेंगा पाण्यात गेल्या होत्या.

संस्थेने मोटारी बंद केल्या. रब्बीची पहिली पाळी २२ तारखेला. तोवर अ‍ॅप निर्धोक झाले नाही तर मोटारी काढून टाकायच्या आणि चारुशीलाचे कामही तिथेच थांबवायचे, असे ठरले. सभेत चेअरमननी तिला एवढेच विचारले होते, "ही तर म्हैस होती. उद्या कुणी माणसाने मुद्दाम आकडा भरला तर?" दोन वर्षांचे काम आठ दिवसांवर येऊन टेकले होते.

तिने सारे आप्पांना सांगितले आणि शेवटी म्हणाली, "चूक माझीच आहे आप्पा. चिठ्ठी नको त्याच्या हातात पडली. आता मी यादी करणार आहे. कुठली अ‍ॅप भली, कुठली भरवशाची नाहीत. भल्यांनाच चिठ्ठी द्यायची."

"लांब होईल का गं यादी?"

"होईल. रोज नवी अ‍ॅप येतात."

"बरं. मग ते म्हशीचं अ‍ॅप वाईट आहे का?"

चारुशीला जरा अडखळली. "नाही. त्याच्यामुळे बिचारीला ढेप वेळेवर मिळते."

"म्हणजे ते भल्यांच्याच यादीत जाणार," आप्पा म्हणाले.

मग पाण्याकडे पाहत ते म्हणाले, "घरी जा आणि काकूकडून सातव्या दाराची किल्ली घेऊन ये. खूण सांग: बाभळीवर तीन बगळे, चौथा उडाला."

मोटारी बंद झाल्यापासून हाताने दारे फिरवायच्या जुन्या किल्ल्या पुन्हा आप्पांच्या घरी आल्या होत्या, हे तिला ठाऊक होते. पण खूण कशाला, ते कळेना. "आप्पा, काकू मला ओळखते की. परवाच तिच्या हातची भाकरी खाल्ली."

"ओळखते ना. तरी खूण सांग."

आप्पांचे घर तिथून चार किलोमीटर. चारुशीला स्कूटरवरून निघाली. मनात राग नव्हता, पण नवल होते. इकडे आठ दिवसांत आपले सगळे बुडायची वेळ आली आहे आणि आप्पा बगळे मोजताहेत!

वाटेत इंदूबाई भेटल्या. भिजलेल्या शेंगा बांधावर पसरून त्या हाताने उलटसुलट करत होत्या. चारुशीलाला पाहताच त्यांनी मान वर केली. "काय गं, आज कुणाचं दार उघडायला निघालीस?"

चारुशीलाने स्कूटर थांबवली. "वेणूकाकूंकडे चाललेय. सातव्याची किल्ली आणायला."

"मग नवव्याचीही आण. त्या दिवसापासून ते दार ठिबकतंय. एक आटा आवळला की थांबेल. रोज शेंगा हलवून हलवून माझी कंबर राहिली नाही."

चारुशीलाला बरे वाटले. झालेल्या नुकसानीची थोडी तरी भरपाई करण्याची संधी आपण होऊन समोर आली होती. "आणते," ती म्हणाली. "नक्की आणते."

वेणूकाकू, म्हणजे आप्पांची बायको, ओट्यावर उडीद पाखडत होत्या. खूण ऐकल्याबरोबर त्यांनी सूप खाली ठेवले, आत गेल्या, सातव्याची किल्ली आणून तिच्या हातात दिली आणि चहाचे आधण ठेवले.

"काकू, नवव्याचीही द्या. इंदूबाईंना हवीय."

"नवव्याची नाही देता येणार."

"दार ठिबकतंय त्यांचं. नुसता एक आटा आवळायचाय."

"असेल की. पण ह्यांनी सकाळी जाताना मला सांगितलंय: आज तिचा वार आहे, चारुशीला येईल, बगळ्यांची खूण सांगेल, तिला सातव्याची दे. नवव्याचं नाव नाही काढलं."

चारुशीलाला ते लागले. "काकू, मी काय परकी आहे?"

"परकी असतीस तर आल्याचा चहा केला असता का?" काकू शांतपणे म्हणाल्या. "तू माझी पोर आहेस. पण निरोप त्यांचा आहे. तुझ्यासाठी मी तो वाढवू का? आणि हे बघ, आज तुझ्या जागी झिपरू येऊन हेच बगळे बोलला असता ना, तर त्याला पाणी पाजून रिकाम्या हातानं परत धाडला असता. रोजचा शेजारी आहे, तरी."

"थांबा, मी आप्पांना फोनच लावते."

"लाव खुशाल. त्यांचा फोन ह्या फडताळात आहे."

दोघींनाही हसू आले. चहा पिऊन चारुशीला निघाली, तेव्हा काकूंनी मागून हाक मारली. "आणि ऐक! ही खूण आता संपली. उद्या हीच घेऊन आलीस तर नुसता चहा मिळेल."

परत जाताना इंदूबाईंच्या बांधापाशी थांबून तिला सांगावे लागले, "नाही मिळाली."

"मला वाटलंच," इंदूबाई म्हणाल्या. "वेणूनं एकदा आमच्या ह्यांनासुद्धा परत पाठवलं होतं. तेव्हा तर ते सरपंच होते!" एवढे बोलून त्या पुन्हा शेंगांकडे वळल्या.

बंधाऱ्यावर चारुशीलाने किल्ली आप्पांपुढे ठेवली आणि नवव्या दाराची हकिकत सांगितली. आप्पा सगळे ऐकून घेऊन म्हणाले:

"काकूनं तुला ओळखलं म्हणून चहा दिला. किल्ली मात्र तुला ओळखून नाही दिली, निरोप ओळखून दिली. या दोन गोष्टी वेगळ्या ठेव. एकेचाळीस वर्षांत चोरानं माझं पाणी कधी बिघडवलं नाही. चोर येणार म्हटलं की आपण सावधच असतो. बिघडवलं ते काकूच्या सख्ख्या भावानं, आणि त्याच्याइतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझी सुरुवातीची वर्षं होती. काकूला मी नुसतं सांगून ठेवलं होतं, भाऊ मागेल ती किल्ली दे. वाटेत त्याला एक म्हातारी रडताना भेटली. तिच्यासाठी त्यानं चौथ्याचीही किल्ली घेतली. तिचं रान भिजलं आणि पाटाच्या टोकाच्या सात घरांचा हरभरा त्या पाळीला कोरडा राहिला. त्याला मी काय बोलणार? जागा मोकळी मी ठेवली होती. त्यानं ती दयेनं भरली. तुझ्या म्हशीच्या अ‍ॅपनं ती म्हशीच्या आकड्यानं भरली. आज तूही भरायला निघाली होतीस, तीही चांगल्याच मनानं. पाण्याला मनं कळत नाहीत गं. म्हणून आपल्या नावानं दुसऱ्यानं जे करायचं, ते आपणच पुरतं सांगून ठेवावं: काय करायचं, किती, कुणी, आणि एकदाच. माणसं पारखू नको असं मी म्हणत नाही. पण निरोप असा बांध, की पारख चुकली तरी पाणी चुकायला नको."

चारुशीलाने किल्ली उचलून हातात फिरवली. मग तिने विचारले, "आणि पाळी मध्येच बदलली तर?"

"तर जुना निरोप रद्द करायचा आणि नवा सांगायचा. जुन्यात खाडाखोड करायची नाही."

"काम वाढेल."

"वाढेल," आप्पा म्हणाले. "काकूला विचार, किती वाढतं ते."

"आणि इंदूबाईंचं दार?"

"त्याचा निरोप वेगळा. आज रात्री काकूला सांगतो, उद्या सकाळी तू ये. नववं दार, एक आटा, आवळायचा. खूण तेव्हा देईन."

शुक्रवारी सकाळी नववे दार ठिबकायचे थांबले. त्या दुपारपासून चारुशीला कामाला बसली. भल्या-वाईट अ‍ॅपची अर्धी झालेली यादी तिने पुसून टाकली. आता पाण्याचे अ‍ॅप प्रत्येक पाळीची चिठ्ठी स्वतःच पूर्ण लिहू लागले: दाराचा आकडा, उघडण्याची वेळ, मिटण्याची वेळ. रिकामी जागा एकही नाही, आणि लिहिलेले घेणाऱ्याला बदलता येणार नाही. चिठ्ठीवर पंचांगाचे नाव. दुसऱ्या कुणी उचलली तर ती निरुपयोगी. एकदा वापरली की संपली. हे सगळे बसवायला तिला पाच दिवस लागले. काम खरोखरच वाढले होते, पण त्या पाच दिवसांत तिला झोप मात्र चांगली लागली.

बुधवारी, २० तारखेला, म्हशीच्या मालकाचा मोबाईल मागून घेऊन ती इंदूबाईंच्या बांधावर बसली. आधी तिने २२ तारखेच्या पाळीची, सातव्या दाराची चिठ्ठी पंचांगाला दिली. जनावरांच्या अ‍ॅपने म्हशीच्या खुराकाची आठवण करून दिली. चिठ्ठीला त्याचा हातही लागला नाही. मग चारुशीलाने पंचांगातर्फेच, स्वतःच्या हाताने, चिठ्ठीतला सात खोडून नऊ भरून पाहिला. सात तसाच राहिला. मिटायची वेळ दहा मिनिटांनी वाढवून पाहिली. तीही तशीच राहिली.

इंदूबाई डोळे बारीक करून पडद्याकडे पाहत होत्या. "काय झालं?"

"ऐकत नाही."

"तुझंही ऐकत नाही? तूच केलंस ना ते?"

"मीच केलं. तरी माझंही नाही."

इंदूबाईंनी वाळलेल्या शेंगांची एक मूठ तिच्या ओंजळीत ठेवली. "मग बरं आहे," त्या म्हणाल्या. "खा."

२२ नोव्हेंबर, शुक्रवार. सातवे दार सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी उघडले आणि सात चाळीसला मिटले. उरलेली अकरा दारे उघडली नाहीत. दुपारच्या सभेत मोटारी ठेवण्याचा ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला, आणि चारुशीलाचे काम रब्बी हंगामाच्या अखेरपर्यंत चालू ठेवण्यात आले.