न झिजलेलं बटण

"अक्का, यातलं कोणतं बटण तुम्ही कधीच वापरत नाही?"

कौस्तुभनं कीबोर्डकडे बघत विचारलं. सुभद्राक्कांनी मान वर केली नाही.

"बसून बघ," त्या म्हणाल्या.

पैनगंगेकाठच्या त्या मठात अक्का अकरा वर्षं एकच काम करत होत्या. मठातल्या जुन्या पोथ्यांचे फोटो संगणकावर उघडायचे आणि त्यातला मजकूर साध्या देवनागरीत उतरवायचा. पोथ्या मठाच्या गुप्त लिपीत होत्या. ती वाचणारे आता दोघंच उरले होते. एक अक्का, दुसरे वाशीमकडचे एक थकलेले महंत.

एखादं अक्षर अडलं की अक्का पडद्यावरच्या तेवढ्याच भागाचा स्क्रीनशॉट काढून महंतांना पाठवायच्या. त्यासाठी तीन बटणं एकदम दाबावी लागत. संधिवातानं वाकलेली त्यांची बोटं आता तेवढी फाकत नव्हती.

म्हणून कौस्तुभला बोलावलं होतं. पुण्याच्या एका कंपनीत त्यानं सगळ्यांना असे शॉर्टकट बसवून दिले होते. तीन बटणांचं काम एका बटणावर आणणं हा दहा मिनिटांचा खेळ आहे, असं त्यानं आल्या आल्या सांगितलं. संध्याकाळच्या गाडीनं तो परतणारही होता.

फक्त एक बटण रिकामं हवं होतं. वरच्या रांगेतली बारीक बटणं अक्कांच्या बोटांना सापडत नसत. डाव्या कडेची आधीच भाषा बदलायला आणि पान उलटायला नेमलेली. हवं होतं मोठं, उजव्या हाताशी असलेलं.

कौस्तुभ वही घेऊन शेजारी बसला. अक्कांनी दाबलेल्या प्रत्येक बटणापुढे तो खूण करू लागला.

पहिल्या तासात त्याच्या वहीत जेमतेम वीस खुणा झाल्या.

अक्का ओळ वाचत. ओठ हलत. मग डोळे मिटत...

हात बटणांवर अधांतरी थांबे. मग एक अक्षर उमटे. मग दुसरं.

दुपारी एका अक्षरापाशी हात थांबला तो थांबलाच. अक्का उठल्या, कपाटातून मूळ पोथी काढली आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरली. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. परत येऊन त्यांनी एक काना दिला.

त्या दिवशी तेवढंच काम झालं.

संध्याकाळची गाडी गेली. कौस्तुभच्या ते लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं खुणा करताना बोलणं सोडलं. तिसऱ्या दिवशी त्याचाही श्वास अक्कांच्या हाताबरोबर थांबू लागला. वहीत आता हाताशी असलेल्या सगळ्या बटणांपुढे खुणा होत्या. एकच जागा कोरी होती.

आपलंच लक्ष चुकलं असेल, असं त्याला वाटलं. चौथा दिवसही तो बसून राहिला. जागा कोरीच राहिली.

अक्का जेवायला गेल्या तेव्हा त्यानं वाकून पाहिलं. आजूबाजूच्या बटणांवरची अक्षरं पुसून गेली होती. कुठं कुठं बोटाएवढा खळगा पडला होता. ते एक बटण मात्र काल दुकानातून आणल्यासारखं होतं. त्याच्यावरचा बाण स्वच्छ दिसत होता.

त्यानं वहीतली कोरी जागा पुन्हा एकदा पाहिली.

अक्का परत आल्या तेव्हा तो उभा होता.

"सापडलं?"

त्यानं बोट ठेवलं.

"हे... खोडायचं."

"बसवतोस त्याच्यावर तुझं ते?"

कौस्तुभचा हात पुढे झाला नाही.

"अक्का, अकरा वर्षांत तुम्ही एकदाही चुकला नाहीत?"

"चुकते की. रोज."

"मग?"

अक्कांनी डोळे मिटले. हात उचलून बटणांवर अधांतरी धरला... आणि तसाच मांडीवर परत घेतला. "चूक इथवरच येते."

नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं, तेवढाच आवाज येत होता.

मग कौस्तुभनं वही मिटली. बटण नको, असं तो म्हणाला. अडलं की हाक मारा, ती तीन बटणं मीच दाबीन. कंपनीला रजेचं कळवतो. आणि जमलंच तर ही लिपी मला शिकवा.

अक्का उठल्या. आपली खुर्ची त्यांनी त्याच्याकडे सरकवली. पडद्यावर पोथीचं पहिलं पान उघडलं आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवून त्याचा उच्चार केला.

कौस्तुभनं टाईप केलं. चुकलं. त्याचं बोट सवयीनं त्या कोऱ्या बटणाकडे गेलं आणि मध्येच थिजलं. त्यानं ओशाळून अक्कांकडे पाहिलं.

"दाब," अक्का म्हणाल्या. "माझ्यामागून येणाऱ्यासाठीच ठेवलंय ते."