भुरीची सात वाकणं

वाकणगडाची वाट पायथ्याकडून पाहिली तर उगाच लांबवल्यासारखी वाटते. दरवाजा समोर दिसतो, पण गाठायला सात वाकणं, म्हणजे वळणं, घ्यावी लागतात. पाहुणे कुरकुरू लागले की पायथ्याच्या वाकणवाडीतले केरूनाना त्यांना दुसऱ्या वाकणावर बसवतात आणि सांगतात ते असं.

ही वाट बांधायचं काम म्हणे हैबती बेलदाराकडे होतं. किल्लेदाराला हव्या होत्या सरळसोट पायऱ्या. हैबतीनं दोनदा बांधल्या, दोन्हीदा पावसानं धुऊन नेल्या. तिसऱ्या खेपेला किल्लेदारानं बजावलं, येत्या पावसात एक पायरी हलली तरी तुझा कडेलोट. कडा तरी कसा, तर वरून सोडलेला धोंडा खाली पोचेस्तोवर माणसाचं जेवण उरकतं, असं नाना सांगतात.

हैबतीचं अन्नपाणी तुटलं. त्यात त्याची गाढवीण भुरी. पाठीवर दगड लादले की सरळ चढायचं नाव नाही. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, काठी खाऊनही वाकडीच. एका दुपारी तिच्यावर ओरडून ओरडून त्यानं काठी फेकून दिली. बायको म्हाळसा जवळच खडी फोडत होती.

"धनी," ती म्हणाली, "दोन वर्सं ती वाकडी चालतीया. कवा घसरल्याली बघितली का?"

हैबती उठला. भुरी जाईल तिथून तिच्यामागं चुन्याची फक्की टाकत निघाला. त्याच रेघेवर सात वाकणांची वाट बांधली.

पाऊस आला तो चार महिने हटला नाही. उघडीप झाली तसा किल्लेदार एकेक पायरी टाचेनं ठोकत खाली उतरला. एकही हलली नाही. पण कपाळाला आठी होतीच.

"सरळ सांगितली होती. ही काय गाढवाला विचारून बांधलीस?"

हैबतीला खोटं सुचलंच नाही. "व्हय सरकार. माझ्या डोक्यानं बांधली ती दोनदा पडली."

किल्लेदारानं भुरीकडे पाहिलं आणि असा हसला म्हणे, की बुरुजावरची कबुतरं पुढं तीन दिवस परतली नाहीत. हैबतीनं भुरीच्या गळ्यात हात टाकले. त्याच जागी हुकूम सुटला: या गावात गाढव म्हणायचं ते फक्त शहाण्याला.

आजही वाकणवाडीत पोर परीक्षेत पहिलं आलं की आजी कानशिलावर बोटं मोडते आणि म्हणते, "गाढव गं माझं ते!" सोयरिकीला आलेल्या मंडळींना मात्र मुलीचं कौतुक ऐकवण्याआधी ही सगळी गोष्ट सांगावी लागते.