पितळी हात आणि नाजूक सुई

फार मागे, गाणी तबकडीवर फिरायची तेव्हाची गोष्ट. त्रिंबकरावांच्या रेकॉर्ड प्लेअरला सुई धरणारा एक जड पितळी हात होता. तीस वर्षं तबकड्यांवर वाकून तो पार शिणला होता. त्याची जुनी, ताठ सुई झिजली, तेव्हा त्रिंबकराव दुकानातली सर्वांत महागडी सुई घेऊन आले. ती फारच नाजूक निघाली.

पहिल्याच गाण्याला ती लटपटली. "अहो, जरा हलके व्हा ना!"

"बाई गं, या वयात कुठून होऊ हलका? तूच जरा ताठ राहा."

"माझी घडणच मऊ आहे हो."

गाणं उड्या मारू लागलं. त्रिंबकरावांनी चारचौघे करतात तेच केलं. सुई उडू नये म्हणून पितळी हाताच्या टोकावर रुपयाचं नाणं ठेवलं. सुई मोडली, आणि मोडता मोडता खाली फिरणारी त्यांच्या आईच्या आवाजाची एकुलती एक तबकडी खरवडून गेली.

"सुईच कुचकामी!" त्रिंबकराव म्हणाले. "याहून भारी आणतो."

ते चप्पल घालून निघाले. 'जाण्यापूर्वी एकदा मला बोटावर तोलून तरी बघा,' पितळी हात मनात म्हणाला. दार लागलं. नाणं अजून त्याच्या अंगावरच होतं.