परत न आलेले रुग्ण

कर्करोगाने जबडा गमावलेल्यांसाठी डॉ. राजोपाध्ये सरांनी नवी कवळी बनवली होती. दंत महाविद्यालयाच्या सभेत ते छाती फुगवून म्हणाले, "एकही रुग्ण तक्रार घेऊन परत आला नाही. आणखी काय पुरावा हवा?"

टाळ्या पडल्या. त्यांची विद्यार्थिनी नसीमा मात्र मान खाली घालून बसली होती. ती नुकतीच त्या रुग्णांपैकी एका म्हाताऱ्याच्या घरी जाऊन आली होती. कवळी टोचायची म्हणून तो नुसत्या पेजेवर जगला आणि तसाच गेला, असं घरच्यांनी तिला सांगितलं होतं. पदवी सरांच्या हातात होती, तरी ती उठली.

"सर, स्मशानातूनही कुणी तक्रार घेऊन परत येत नाही."

त्या वर्षी नसीमा नापास झाली, पण विभागाचे डॉक्टर रुग्णांच्या घरी जाऊ लागले.