बांधाखालची चूल

फार वर्षांपूर्वी, शेंदवडच्या बायका घागरभर पाण्यासाठी दोन टेकड्या ओलांडत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी या मुलखात दुर्गव्वा नावाची एक वडारीण होती. नवरा खाणीत दरड कोसळून गेला, आणि त्याच्या मागे टोळीचा कारभार तिनं हातात घेतला. बाई मोठी कडक. तिचा आवाज टेकडीपलीकडे जायचा आणि तिच्या रागाला देशमुखसुद्धा वचकून असत. असं म्हणतात की ती दगडावर हातोडी मारायची, कान लावायची आणि दगड तिला सांगायचा, मी बांधात बसेन की नाही ते. नाही म्हणालेला दगड तिनं कधी बसवला नाही, मग तो दिसायला कितीही देखणा असो.

शेंदवडच्या देशमुखांनी, बाजीराव त्यांचं नाव, तिला तलाव बांधायला बोलावलं. दुर्गव्वाच्या टोळीनं ओढ्यावर बांध घातला. बांधाच्या एका अंगाला तिनं सांडवा ठेवला. तलाव भरला की जादा पाणी ज्या वाटेनं मुकाट्यानं निघून जातं, तो सांडवा. बांधाखाली ओढ्याच्या काठानं तळवाडी वसलेली होती, मोलमजुरी करणाऱ्यांची घरं, म्हणून तिनं सांडवा चांगला ऐसपैस ठेवला.

आता या वडारांची एक रीत होती, ती नीट ऐका. ज्यानं बांध घातला, त्यानं पहिला पावसाळा बांधाखाली काढायचा. बायकापोरांसकट. चूल तिथंच मांडायची आणि सांडव्यावरून पहिलं पाणी पडेपर्यंत ती उचलायची नाही. मध्येच चूल उचलली तर त्याचा अर्थ एकच, माझं काम खोटं आहे. मग त्याला या मुलखात कुणी गोठ्याची भिंतसुद्धा बांधायला सांगत नसे.

दुर्गव्वानं तळवाडीच्या कडेला चूल मांडली. तिचा दीर तिम्मा, टोळीतला पक्का कारागीर, त्यानंही शेजारी मांडली. तळवाडीचे लोक निर्धास्त झाले.

पहिल्या सरींनी तलाव अर्धा भरला आणि देशमुखांच्या तोंडाला पाणी सुटलं. वरच्या अंगाला त्यांचा माळ पडीक होता. पाणी आणखी पुरुषभर चढलं तर तिथं ऊस होईल, हा हिशेब त्यांच्या डोक्यात शिरला.

"दुर्गव्वा, सांडवा बुजव," ते म्हणाले. "एवढं पाणी वाया घालवायचं म्हणजे काय!"

"त्ये वाया जात न्हाई, धनी. तळवाडीवरनं संकट जातंय," दुर्गव्वा म्हणाली. "सांडवा बुजवला तर पाणी बांधावरनं उतरंल आन् बांध पोटातनं खचंल. माज्या हातनं व्हायचं न्हाई."

"बांध माझा आहे."

"बांध तुमचा. खालची माणसं कुणाची?"

देशमुख काही बोलले नाहीत. ते गप्प बसले म्हणजे ऐकलं असं दुर्गव्वाला वाटलं, आणि पेटती चूल तळवाडीतल्या शेजारणीवर सोपवून ती लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेली. इथंच ती चुकली. मोठी माणसं गप्प बसतात ती दुसरा माणूस शोधायला.

ती परत आली तेव्हा सांडवा बुजलेला होता. दगड घडीव, सांधा बेमालूम. तो हात कुणाचा हे तिला सांगावं लागलं नाही. ती पहार घेऊन दगड उपटायला धावली, तर देशमुखांचे गडी काठ्या घेऊन आडवे झाले आणि त्यांनी तिला ढकलून दिलं. तशीच ती तिम्माला गाठायला निघाली. पण शेजारी तिम्माची चूल नव्हती. राख होती, दगड काळे पडलेले होते आणि माणसं नव्हती.

तिम्मा तिला टेकडीवर सापडला, देशमुखांच्या वाड्यामागं. तिथं त्याचं नवं खोपट उभं होतं, चूल पेटलेली होती आणि बायको भाकऱ्या थापत होती.

"वैनी, देशमुखांनी सांगितलं म्हणून केलं," तो म्हणाला. "आपुन हुकमाचं ताबेदार. मी न्हाई म्हनलो असतो तर दुसऱ्यानं केलं असतं."

"मग चूल वर का आनली?"

तिम्मा वाकून चुलीतली लाकडं सारू लागला.

"बोल की! काम खरं केलंस, तर मग खाली का न्हाई ऱ्हायलास? तुला ठाव व्हतं, तिम्मा! ठाव नसतं तर मी येडा म्हनून सोडलं असतं तुला. तू आपली पोरं वर आनलीस आन् तळवाडीची खाली ठिवलीस!"

असं म्हणतात की तिच्या त्या आवाजानं वाड्याच्या पायरीला तडा गेला. गेला असेल. आमच्या मते तिम्माच्या काळजालाही जायला हवा होता, पण त्याबद्दल कुणी काही सांगत नाही.

दुर्गव्वा तळवाडीत आली आणि घरोघर सांगत सुटली, सांडवा बुजलाय, वर चला. लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, "अगं दुर्गव्वा, तिम्मा गेला वाड्याच्या चाकरीला, पर तू हायस की खाली. तुजी चूल पेटलेली दिसती तवर आम्हाला कशाचं भ्या?"

हे ऐकून तिच्या ध्यानात आलं. ती खाली राहते म्हणून लोक खाली राहत होते. तिची चूलच त्यांना खोटं सांगत होती. आणि ती चूल उचलावी, तर तिच्या नवऱ्याचं नाव, टोळीची भाकरी, आयुष्यभराचं काम, सगळं त्याच क्षणी बुडणार होतं. चूक दुसऱ्यानं करायची आणि काळिमा हिनं फासून घ्यायचा! कुठला हा न्याय? पण बाई रडत बसली नाही. आभाळ भरून आलं होतं.

भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, तिनं चुलीतले निखारे खापरात भरले, खापर डोक्यावर घेतलं आणि ती तळवाडीच्या मधल्या वाटेनं चालू लागली.

"बघा रं! दुर्गव्वानं चूल उचलली!" ती ओरडत होती. "ह्यो बांध आता माजा न्हाई! ह्यो बांध खोटा हाय!"

तेव्हा मात्र तळवाडी हलली. बायकांनी पोरं काखेला मारली, गड्यांनी म्हातारी माणसं पाठुंगळी घेतली आणि सगळी वाडी तिच्या मागोमाग टेकडी चढू लागली. पाऊस असा कोसळला की पुढचं माणूस दिसेना. पण असं म्हणतात की तिच्या डोक्यावरचे निखारे विझले नाहीत आणि लोक त्या लाल उजेडाच्या मागे चालत राहिले. असंही म्हणतात की बांध केव्हाच फुटायचा होता, पण तिनं बसवलेले दगड एकमेकांना धरून उभे राहिले, शेवटचं माणूस वर येईपर्यंत. मग ते सुटले. तळवाडीची घरं, दाणे, बांधलेली जनावरं, सगळं गेलं. माणूस एकही गेलं नाही.

आणि लोकांनी काय करावं? देशमुखांनी उठवलं की वडारणीनं शाप दिला म्हणून बांध फुटला, आणि अर्ध्या गावानं ते खरं मानलं! जिनं जीव वाचवले तिला पुढं कुणी काम देईना. ती परमुलखात दगड फोडून पोट भरू लागली. हे सांगताना आजही आमचं रक्त उकळतं.

पण तहान काही शाप मानत नाही. पुढं दुष्काळ पडला, शेंदवड पुन्हा टेकड्या ओलांडू लागलं आणि शेवटी देशमुख स्वतः तिला शोधत गेले. "बांध घाल, मागशील ते देतो," म्हणाले.

"मला काय बी नगं," दुर्गव्वा म्हणाली. "मी खाली ऱ्हानारच हाय. औंदा शेजारी तुमची चूल पायजे. देशमुखीनबाईंसकट."

देशमुख लालबुंद झाले. पण तिच्याखेरीज बांध घालायला कुणी तयार नव्हतं, तिम्माला बोलवायचं तर खुद्द देशमुखांनाच धीर होत नव्हता. बांध झाला, आणि त्या पावसाळ्यात शेंदवडनं एक नवल पाहिलं. जरा ढग आले की बाजीराव देशमुख डोक्यावर घोंगडी घेऊन सांडव्याकडे धावत, आणि तिथं अडकलेला पालापाचोळा स्वतःच्या हातानं काढत. सांडवा आणखी थोडा रुंद करता येईल का, असंही त्यांनी दुर्गव्वाला विचारलं. ती पोट धरून हसली.

दुर्गव्वाची समाधी कुठं आहे, कुणाला ठाऊक नाही. पण शेंदवडच्या बांधाखाली आजही एक खोली आहे. तिथं देव नाही, झेंडा नाही. एक बाज आहे आणि एक चूल. बांधाला हात लावायला कुणीही येवो, गवंडी, ठेकेदार नाहीतर सरकारी इंजिनिअर, पुन्हा वसलेल्या तळवाडीच्या बायका आधी ती खोली झाडून घेतात. मग त्याला चहा देतात आणि दुर्गव्वाच्या नावानं विचारतात, "पावसाळ्यात इथं कोण राहणार? तुम्ही, का घरची मंडळी पण?"

मागं एक साहेब आले होते, बांधाची उंची वाढवायचा नकाशा घेऊन. सगळं पक्कं झालंय म्हणाले, सहीसुद्धा झाली होती. बायकांनी त्यांना खोली दाखवली. साहेब हसले, चहा प्यायले, दारातून वर बांधाकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी बाजेवर ठेवलेला नकाशा उचलला, गुंडाळून काखेत घातला आणि म्हणाले, "हे मी एकदा पुन्हा तपासून आणतो."