साहेबांच्या माइकची चिकटपट्टी

मिक्सर दुरुस्त करणाऱ्या द्रौपदाबाई तांबटांनी मिक्सरच्या केबलच्या मानेभोवती, ती यंत्रात शिरते तिथे, सुताची वेणी विणली. ताण वेणीवर गेला, वायर तुटायची थांबली. त्या युक्तीचं पेटंट मात्र नाकारलं गेलं. आता अपील फेटाळलं, तर कुठलीही कंपनी ती युक्ती उचलणार होती.

सुनावणीत अपील ऐकणारे साहेब माइकवरून गरजले, "बाई, वायर जुनी, वेणी जुनी. दोन्ही एकत्र करणं कुणालाही सुचेल!"

माइकच्या केबलला मानेशी चिकटपट्टीचे चार वेढे होते. बाईंनी तिकडे बोट दाखवलं. "ही पट्टी कधीची, साहेब?"

"दरवर्षी नवी लावतो."

"आणि वायर, वेणी जुनी असल्याचा पुरावा देणारे ते कागद?"

"वीस वर्षं माझ्याच कपाटात आहेत."

"मग वीस वर्षं पट्ट्या कशाला गुंडाळत बसलात?"

साहेबांनी अपील मंजूर केलं. तेवढ्यात माइक बंद पडला, म्हणून निकाल उभं राहून ओरडून सांगावा लागला.