भूत न दाखवणाऱ्या सिनेमाबाबत

विषय : आमच्या मिरजेच्या चित्रपट मंडळात दरवर्षी दाखवला जाणारा ‘उंबऱ्याआड’ हा जुना भयपट बंद करू नये, याबाबत.

नव्या ‘उंबऱ्याआड’चे दिग्दर्शक पराशर दळवी मंडळात आले आणि आमचे अध्यक्ष कमरेतून जे वाकले ते वाकलेच. नव्या सिनेमात भूत पहिल्या गाण्याआधीच येतं आणि मुक्कामी पाहुण्यासारखं शेवटपर्यंत हलत नाही. जुन्यात ते एकदाही दिसत नाही. फक्त एक दार बंद असतं.

“न दिसणाऱ्याला कोण घाबरतं हो?” दळवी म्हणाले. “ते जुनं डबडं आता अडगळीत टाका.”

“टाकूच!” अध्यक्ष म्हणाले.

तेव्हा आमच्या जुन्या सभासद यमुताई तेरदाळकर उठल्या. मागच्या खोलीतून त्यांनी एक मडकं आणलं आणि तोंडावरचं फडकं जरा सैल करून दळवींपुढे ठेवलं.

“घाला हात, साहेब.”

“आत काय आहे?”

“दिसत नाही ना? मग भ्यायचं कशाला?”

दळवींचा हात फडक्यापर्यंत गेला आणि मागे आला. “चावणारं नाही ना काही?”

यमुताईंनी मडकं उपडं केलं. आत काहीच नव्हतं.

“तुमचं भूत मी दोन तास पाहिलं. शेवटी त्याच्या दातांची काळजी वाटायला लागली. जुन्या सिनेमात एवढंच आहे साहेब, झाकलेलं मडकं.”

टाळ्यांत दळवीही सामील झाले. अध्यक्ष मात्र म्हणाले, “ठीक आहे, लेखी द्या.”

लेखी दिलं. अर्ज अध्यक्षांच्या विचाराधीन आहे.